केबल मध्येच सुटली

त्रेचाळीस टक्क्यांवर हिरवी पट्टी थांबली ती थांबलीच.

द्रौपदीबाई भोईर लॅपटॉपकडे टक लावून बसल्या होत्या. शेजारी हॅम रेडिओ क्लबचा छोटा बिनतारी सेट, त्यातून निघालेली काळी केबल लॅपटॉपला जोडलेली. पावसाळ्यात बदलापूरला नदी चढली आणि मोबाइल बंद पडले, की याच सेटवरून पाण्याची पातळी कळवायची. त्याआधी सेटमधलं सॉफ्टवेअर नवं करून घ्यायचं काम क्लबने त्यांच्यावर सोपवलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढलेली बाई. तारा आणि प्लग यांत त्यांचा हात धरणारं क्लबात कुणी नव्हतं.

पण सकाळपासून लॅपटॉपला सेट सापडतच नव्हता. क्लबातल्याच राजरत्नला दोनदा फोन झाला होता. त्याचं उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये मोबाइल दुरुस्तीचं दुकान. केबल त्यानेच दिलेली. पहिल्या फोनला त्याने ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत प्लग दाबायला सांगितलं. दुसऱ्याला म्हणाला, केबलमधली चिप जुनी आहे, लॅपटॉपमधला नवा ड्रायव्हर प्रोग्रॅम तिला ओळखत नाही, तो काढून जुना टाका. तसं केल्यावर पोर्ट दिसला, लॅपटॉपला सेट सापडला. फोन ठेवताना त्याने बजावलं होतं, पट्टी मध्येच अडकली तरी हात लावू नका, दहा मिनिटं जाऊ द्या.

चार मिनिटं झाली. तिसऱ्यांदा फोन करायची त्यांना लाज वाटली. राजरत्नला टिंब-रेघांचं मोर्स त्यांनीच शिकवलं होतं, पालेगावच्या याच घरात. त्याच्या हाताला ताल येईना तेव्हा चमच्याने टेबलावर ठोकून दाखवलं होतं. त्यालाच आता किती वेळा विचारायचं? पुन्हा पहिल्यापासून करू, असं मनाशी म्हणत त्यांनी केबल उपटली.

सेट मेला. बटण फिरवून पाहिलं, बॅटरी काढून घातली, पडदा काळाच.

क्लबच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ‘केबल मध्येच सुटली.’ खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. लिहून झाल्यावर ते खोटं आहे हे दिसलं, आणि तोवर अध्यक्ष भगवंतरावांचं उत्तर येऊन पडलं होतं, ‘कॅम्पातला डुप्लिकेट माल. दुसरं काय होणार?’ खाली हसरे चेहरे. यापुढे सामान दुसरीकडून घेऊ, असंही कुणी सुचवलं. शेवटी राजरत्नने लिहिलं, ‘सॉरी. उद्या येऊन बघतो.’

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकान बंद ठेवून आला. खिशात नवी केबल होती. आधी जुनी कुठे ढिली आहे ते बघू म्हणाला आणि प्लग बसवून ओढला. निघाला नाही. डाव्या हाताने सेट घट्ट धरून हिसका दिला तेव्हा कुठे निघाला. त्याने परत बसवला, परत ओढला. द्रौपदीबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या.

“मॅडम, किती टक्क्यांवर सुटली?”

“लक्षात नाही रे.”

त्याने मान हलवली. नवी केबल टेबलावर ठेवून दिली आणि जुनीच लावली. बोलायचं बटण दाबून धरत सेट चालू केला. छोटा दिवा लागला, पोर्ट दिसला, पट्टी पळू लागली. त्रेचाळीसवर थांबली. राजरत्न हाताची घडी घालून बसला. द्रौपदीबाईंनी त्याच्यासाठी आणलेल्या चहावर साय धरली. सहा मिनिटांनी पट्टी हलली आणि शंभरापर्यंत गेली.

त्याने चहा घेतला, गार झालेला. नवी केबल परत घ्यायला तयार होईना. असू द्या, म्हणाला.

ग्रुपवर त्याने एवढंच टाकलं की सेट चालू झाला. कुठल्या केबलने, ते कुणी विचारलं नाही. त्यानंतर मात्र रोज सकाळी सातला क्लबची रेडिओवर हजेरी व्हायची, तिला त्याचा आवाज येईना. भगवंतराव एकेकाचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, पुकारत. राजरत्नचं पुकारलं की चारपाच सेकंद नुसती खरखर, मग पुढचं नाव. त्या खरखरीत द्रौपदीबाई रोज बटणावर बोट ठेवत आणि काढून घेत. बारा दिवस असे गेले.

तेराव्या दिवशी त्यांनी बटण दाबलं.

“एक खुलासा करायचाय. केबल सुटली नव्हती, मी उपटली. राजरत्नने थांबायला सांगितलं होतं, मी थांबले नाही. केबल चांगली होती. सेट तिनेच चालू झाला.”

मग भगवंतराव म्हणाले, “बरं. नोंद घेतली,” आणि त्यांनी पुढचं कॉलसाइन पुकारलं.

दहा वाजता द्रौपदीबाई कॅम्प पाचला रिक्षातून उतरल्या. राजरत्न एका फोनची काच काढत होता. फळीवर त्याचा सेट बारीक आवाजात चालूच होता. ते पाहून, काय बोलायचं ते वाटेत जुळवलेलं त्यांना आठवेना.

“ऐकलंस?”

“रोज ऐकतो, मॅडम.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “केबल ओढून बघितली त्याच दिवशी मला कळलं होतं. मग सकाळी लावून बसायचो. वाटायचं, आज सांगाल.”

त्याने बाकावरचे सुटे भाग बाजूला सारले, बसा म्हणाला, चहाची खूण केली आणि पुन्हा काचेवर वाकला.

चहा आला, तोच पाठोपाठ एक सिंधी गिऱ्हाईक घाईने आत शिरलं. “भाई, डिस्प्ले हो गया क्या?” राजरत्नने दहा मिनिटं थांबायला सांगितलं.

दुकानात बाक एकच होता. द्रौपदीबाई उठल्या, त्या माणसाला जागा करून दिली, आणि ग्लास हातात धरून बाहेर पायरीवर उभ्या राहिल्या.