सरपंचांचा नंबर

बुलडाण्याजवळच्या देऊळघाटाच्या पुढे आत वळलं की एक गाव लागतं. तिथल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरपंच म्हणून जनकाबाईंचं नाव रंगवलेलं होतं, आणि नावापुढचा मोबाईल नंबर होता त्यांच्या नवऱ्याचा. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. जागा बाईसाठी निघाली, इंद्रभानरावांनी बायकोला उभं केलं, घरोघर हात जोडून निवडून आणलं आणि दुसऱ्या दिवशी खुशाल स्वतः खुर्चीत जाऊन बसले. जनकाबाई वांग्याच्या वावरातून येऊन सह्या तेवढ्या करायच्या. त्या मात्र झोकात करायच्या, कारण अख्ख्या घरात अक्षर चांगलं असं त्यांचंच होतं.

हा थाट मोडला करिष्मानं. करिष्मा त्यांच्याच गल्लीतली पोर, बुलडाण्याला बी.ए. झालेली, तोंडानं फटकळ आणि कोणाच्या बापाला न भिणारी. गावात नळ सकाळी सुटायचा आणि नेमक्या त्याच वेळी निम्म्या बाया भाजी तोडायला वावरात गेलेल्या असायच्या. करिष्मानं घरोघर फिरून बायांना विचारलं आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उभी राहून म्हणाली, "नळाचं सरपंचच ठरवतीन. पण आधी सरपंचाइनं खुर्चीत बसावं." जनकाबाई तेव्हा बायांमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. ग्रामसेवकानं खाली बघत मान डोलावली आणि इंद्रभानरावांना भर सभेत उठावं लागलं.

जनकाबाई पदर सावरून खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. पण नळाचं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, स्वतःच्या घरच्या कोरड्या घागरी त्या रोज बघत होत्या. "उद्यापासून नळ संध्याकाळी सुटन," त्या म्हणाल्या. बायांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की तो आवाज पुढे कित्येक दिवस त्यांच्या कानात होता. त्या दिवसापासून सभेत खुर्ची त्यांची झाली. भिंतीवरच्या नंबरचा फोन मात्र नवऱ्याच्याच खिशात राहिला, आणि नवऱ्यानं करिष्माशी बोलणं टाकलं.

उन्हं तापायला लागली तशी एक दिवस करिष्मा त्यांच्या वावरात आली. हैदराबादच्या एका विद्यापीठात तिनं सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.साठी अर्ज केला होता. ते काय असतं, हे तिनं वांगी तोडता तोडता सांगितलं: सरकार जे ठरवतं ते कसं ठरवतं, कोणाला विचारून ठरवतं आणि ते खरंच लोकांपर्यंत पोचतं का, याचं शिक्षण.

"काकू, त्यात तुमचं नाव देलं मी," ती म्हणाली. "एक नाव कॉलेजातल्या सरांचं, अन् दुसरं, ज्यानं माझं गावातलं काम डोळ्यानं पाह्यलं त्याचं. ते लोक फोन करून विचारतीन. तुमी बोलल्या तर अर्ज पुढं जाईन, नाई तर तिथंच राहीन."

"मी काय सांगू वं? मले काय समजते त्याच्यातलं?"

"जे पाह्यलं ते सांगा. बस."

जनकाबाईंकडे स्वतःचा फोन होता. लेकीनं घेऊन दिलेला. त्यावर लेक आणि बहीण, दोघींचेच फोन यायचे. तो फोन त्या आता कमरेला पिशवीत बांधून हिंडू लागल्या. वावरात, गोठ्यात, लग्नाच्या पंगतीतही. फोन काही वाजेना.

मग एका दुपारी करिष्मा धापा टाकत दारात आली. तोंड पार उतरलेलं. "काकू, तुमी फोन काऊन नाई घेऊन राह्यल्या? त्याइचा मेल आला, दोन डाव केला म्हने. कोणी तरी माणूस घेते अन् कापते. आता उद्या सकाळी शेवटचा करतीन."

"माझा फोन तं वाजलाच नाई, बाई. कोणता नंबर देला तू?"

करिष्मानं नंबर सांगितला. जनकाबाईंनी कपाळाला हात लावला. तो भिंतीवरचा नंबर होता! जिनं भर सभेत खुर्ची रिकामी करून घेतली, तिनंच अर्ज भरताना ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून सरपंचांचा नंबर उतरवून घेतला होता. एरवी जनकाबाई पोट धरून हसल्या असत्या. पण पोरीचे डोळे भरले होते. नंबर बदलायची मुदत टळून गेली होती.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "हैदराबादहून फोन आलता का?"

"आलता. सरपंच पाह्यजे म्हने. म्हटलं, मीच सरपंच. मंग त्या पोरीचं नाव निंगालं तसा ठेवून देला."

"काऊन?"

"चार लोकाइत उठोलं मले तिनं. आता माह्याच घरातून तिची तारीफ?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. इतके दिवस त्यांनी हे मनात ठेवलं होतं. जनकाबाईंना राग आला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

सकाळी इंद्रभानराव ओसरीवर चहा घेत बसले होते. करिष्मा कधीची येऊन दाराशी उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. फोन वाजला. त्यांच्या सवयीप्रमाणे तो स्पीकरवर होता.

"हॅलो, सरपंच बोलून राह्यलो."

जनकाबाई चुलीपासून उठल्या, पदराला हात पुसले आणि नवऱ्यासमोर हात पसरला. "द्या."

"अवं, मी सांगतो ना तुह्या वतीनं."

"त्याइले सरपंच पाह्यजे. ते मी हाय."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यासमोर असा हात कधी पसरला नव्हता. इंद्रभानरावांनी फोन दिला की बायकोनं घेतला, हे दोघांनाही आज नीट सांगता येणार नाही. पण फोन जनकाबाईंच्या हातात आला.

पलीकडे प्राध्यापक बाई होत्या, मराठीच, बोलणं एकदम पुस्तकी. त्यांनी ग्रामसभेचं विचारलं, नळाचं विचारलं. जनकाबाई अडखळत, पण सगळं सांगत गेल्या. मग बाई म्हणाल्या, "करिष्मामध्ये काही उणं वाटतं का तुम्हाला? मोकळेपणानं सांगा."

जनकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "घाई," त्या म्हणाल्या. "लई घाई हाय तिले. माह्या मालकाले भर सभेत उठोलं तिनं. आधी घरी येऊन सांगाले पाह्यजे होतं. माणसानं गावासाठी पायपीट केली, त्याचा मान राखाले पाह्यजे होता. तवापासून ते तिच्याशी बोलत नाईत."

इंद्रभानरावांचा चहाचा कप हातातच राहिला. दाराशी करिष्माचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं, तिला वाटलं.

"मग तिला प्रवेश द्यावा, असं वाटतं का?"

"हाव! द्याच." जनकाबाईंचा आवाज आता चढला. "बाई, नळ संध्याकाळी सोडावा, हे मलेबी ठाऊक होतं. सरपंच झाल्यापासून माह्या मनात होतं. पण मले कोणी विचारलंच नाई. या पोरीनं विचारलं. घरोघर जाऊन विचारलं. न विचारता ठरवणारे लई हायेत, विचारणारी ही एकच पाह्यली मी. तिले शिकवा, तिची घाई कमी करा. पण तिचं विचारणं मोडू नका."

पलीकडून आवाज आला, "सरपंच मॅडम, मनापासून आभार. पुन्हा काही लागलं तर याच नंबरवर करू ना?"

"नाई. माहा नंबर घ्या," म्हणून जनकाबाईंनी एकेक आकडा ठणकावून सांगितला. ओसरीवरून उतरताना त्यांची मान अशी ताठ होती की करिष्माला डोळे पुसत हसू आलं.

मे महिन्यात निवड झाल्याचं कळलं. करिष्मा पेढे घेऊन आली ती थेट इंद्रभानरावांच्या पाया पडली. "काका, त्या दिवशी आधी घरी याले पाह्यजे होतं मी."

त्यांनी पेढा घेतला, मिशीतल्या मिशीत हसले. "बरं बरं. तिथं गेल्या गेल्या कोणाले खुर्चीतून उठवू नको. जरा दम धर."

जनकाबाई आत कुकर लावत होत्या. एवढ्यात इंद्रभानरावांचा फोन वाजला. गावातलाच कोणी होता, नळाचा पाइप फुटल्याची तक्रार सांगत होता. त्याला सरपंच हवे होते.

"सरपंच हाय घरात," इंद्रभानराव म्हणाले. "पण हा नंबर त्याइचा नाई. लिहून घे." आणि त्यांनी नंबर सांगितला, न अडखळता, सगळा. जनकाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघतच राहिल्या. नवऱ्याच्या फोनमध्ये त्या नुसत्या 'घर' नावानं होत्या. मग हे आकडे माणसानं पाठ केले कधी? अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला, स्वतःचा, त्या पोरीचा आणि नवऱ्याचाही.

तेवढ्यात फळीवरचा त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात पुसले आणि उचलला.

"हॅलो, सरपंच बोलून राह्यली."