सीट चार बोटं वर

प्रगतीने भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "आये, आज बाईंनी माझं माप घेतलं."

चुलीपुढे बसलेल्या सखीचा हात थांबला. "कसलं माप?"

"पायाचं. जांघेपासून टाचेपर्यंत."

"कशानं घेतलं?"

"दोऱ्यानं."

"आन् दोरा कुठं हाय?"

"बाईंकडंच. पेटीत ठेवला त्यांनी."

तव्यावरची नागलीची भाकरी करपायला लागली तेव्हा सखी भानावर आली. तिच्या माहेरी, सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर, माणसाचं माप दोऱ्याने घ्यायचं ते भगताने, आजार उतरवताना. तो दोरा तिथेच सगळ्यांसमोर जाळला जाई. कुणी तो घरी नेत नसे. खोडाळ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या निशाबाईंना तिच्या पोरीचा दोरा पेटीत ठेवून काय करायचं होतं?

त्यात प्रगतीचा गुडघा महिनाभर दुखत होता. वाटीच्या खाली, पुढच्या बाजूला. शाळेतून आली की ती पाय लांब करून भिंतीला टेकायची. सखीने पाला बांधला, शेकलं. उतार पडला नाही.

दिवाळी झाली की सखी आणि तिचा नवरा देवजी भिवंडीकडे वीटभट्टीवर जात. आजवर प्रगतीही बरोबर जायची आणि शाळा तिथेच तुटायची. यंदा ती आठवीत होती. तिला इथेच पाड्यावर, काळी आजीजवळ ठेवायचं ठरत होतं. पाड्यापासून शाळेला रोज पायी जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं, म्हणून देवजीने भट्टीच्या ट्रकवर टाकून एक जुनी सायकल आणली होती. पण पोरगी सायकल मारू शकणार नसेल, तर म्हाताऱ्या काळीच्या गळ्यात तिला कशी अडकवायची? भट्टीसाठी मजूर ठरवणारा रंगू मुकादम बाजाराच्या दिवशी विचारायला येणारच होता : दोन माणसं की तीन?

दुसऱ्या दिवशी सखी प्रगतीबरोबर शाळेत गेली. निशाबाई जव्हारच्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. विज्ञान शिकवत. सखी कुणालाच अहो-जाहो करत नसे. बाईंनाही केलं नाही.

"माझ्या पोरीचा दोरा दे."

बाईंनी काही न विचारता पेटी उघडली आणि पांढरा दोरा तिच्या हातावर ठेवला.

इतक्या सहज दिला? सखीला ते आणखीच खटकलं. "दुसरा करून ठेवला असशील."

"कशाला ठेवू, सखीताई? सायकलची सीट किती उंच हवी ते पाहायला माप घेतलं. टेप नव्हती हाताशी. तिचा गुडघा सीटमुळे दुखतोय असं मला वाटतं."

"तुला कोनी सांगितलं बघायला? तुझी कोन लागते ती?"

"कुणी नाही. वर्गात तिला मांडी घालता येत नाही, ते दिसतं मला."

सखीने दोरा मुठीत गच्च धरला. "मंग तुझा बी दोरा दे. तू तिचा घेतलास, मी तुझा घेते."

बाईंनी पेटीतलं दोऱ्याचं रीळ तिला दिलं. मग त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, चपला काढल्या, आणि विज्ञानाचं पुस्तक साडीवरूनच मांड्यांमध्ये वर दाबून धरलं. "पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत. घ्या."

व्हरांड्यात पोरी खिदळायला लागल्या. सखी खाली वाकली, दोरा ताणला, तोडला.

"डोकं नाय मोजायचं? भगत डोक्यापासून मोजतो."

"सायकल चालवायला डोकं लागत नाही, पाय लागतात," बाई म्हणाल्या. पोरी आणखी हसल्या. सखी हसली नाही. तिने दोन्ही दोरे पदराच्या गाठीत बांधले आणि मगच बाईंबरोबर धर्मेंद्रच्या सायकल दुकानाकडे निघाली. प्रगती सायकल ढकलत मागून आली.

धर्मेंद्रने सायकल पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बाई, ही सीट मीच खाली ठोकलीय. ह्याच मावशीनं ठोकायला लावली. पार खाली म्हणाली, पोरीचे दोन्ही पाय टेकायला पाहिजेत."

"मंग? चुकले काय मी?" सखी म्हणाली. "पाय टेकला नाय तर पोर पडंल. उतारावर हात-पाय मोडंल."

"आता ती वर घ्यायची," बाई म्हणाल्या. "चार बोटं तरी."

सखीने बाईंकडे पाहिलं, मग धर्मेंद्रकडे. एकाने खाली ठोकायची, दुसरीने वर उचलायला लावायची. "तुमी दोघं मिळून धंदा करता काय गं?"

"मला कशाला त्यात ओढतेस, मावशे?" धर्मेंद्र म्हणाला. "सीटचा दांडा गंजलाय, मला तर तो हलवायलाच नको." तरी त्याने तेल सोडलं, पाना लावला आणि करकर वाजवत सीट वर काढली.

प्रगती वर बसली. धर्मेंद्रने मागून कॅरियर धरलं होतं. तिचे नुसते चवडे जमिनीला लागत होते.

"बघ!" सखी ओरडली. "लटकली पोर! हे बरोबर म्हनतेस तू?"

"पायडल खाली घे, प्रगती. त्यावर टाच ठेव." पाय जेमतेम सरळ झाला. "आता टाच नको, चवडा." गुडघा थोडासा वाकला. "बास. एवढाच वाकायला हवा. आता धर्मेंद्र, परत खाली घ्या सीट. यांना दोन्ही दाखवते."

धर्मेंद्र पुटपुटला, पण सीट खाली गेली. प्रगतीने जागेवरच पायडल उलटं फिरवलं. या वेळी सखी पोरीच्या तोंडाकडे न बघता गुडघ्यांकडे बघत राहिली. ते दर फेऱ्याला छातीकडे येत होते आणि खाली गेले तरी पुरते उघडत नव्हते. सखीने असे गुडघे पाहिले होते. साच्यात चिखल भरताना, वीट पाडताना दिवसभर तिचे स्वतःचे असेच असायचे. उठताना वाटीखाली जिथे चमक यायची, तीच जागा प्रगती बोट लावून दाखवत होती.

"म्हंजे," सखी हळूच म्हणाली, "ही सायकलीवर उकिडवी बसून शाळेत येते?"

"हो," बाई म्हणाल्या. "येताना आणि जाताना."

सखीने प्रगतीला खाली उतरवलं. मग धर्मेंद्रला म्हणाली, "घे वर." आणि बाईंना, "थांबवायची कशी? पाय तर टेकत नाय."

"ब्रेक दाबायचा, सीटवरून पुढे घसरून खाली उतरायचं, एक पाय जमिनीवर. सवय होईपर्यंत रोज सकाळी मी फाटकात उभी राहीन. धरीन तिला."

"रोज?"

"रोज."

"बघते," सखी म्हणाली.

आणि तिने खरंच पाहिलं. रोज संध्याकाळी ती प्रगतीच्या गुडघ्याची वाटी अंगठ्याने दाबायची. "दुखतं?" "नाय." पोरगी शाळेपायी खोटं बोलत असेल, म्हणून एकदा पहाटे ती झोपेत असताना दाबलं. प्रगतीने कूस बदलली आणि झोपून राहिली. सखीने मग दुसऱ्या गुडघ्याचीही वाटी दाबून पाहिली.

"बाई उभी असते फाटकात?"

"असतात."

"धरते?"

"धरतात."

पोर बाईची बाजू घेत होती. तिच्या सांगण्यावर काय जायचं?

बाजाराच्या दिवशी सखी लाकडाची मोळी घेऊन पाड्यावरून आधीच निघाली, रानातल्या वाटेने खोडाळ्यात उतरली आणि शाळेसमोरच्या चहाच्या टपरीआड उभी राहिली. फाटक उघडं होतं. पोरं आत जात होती. बाई नव्हत्या. घंटा झाली. तरी नव्हत्या.

वाटलंच होतं, सखी मनात म्हणाली.

तेवढ्यात उतारावरून प्रगती आली. सीटवर ताठ, वेणी पाठीवर उडतेय, चाक भरधाव. फाटकात कुणी नाही हे तिलाही दिसलं असावं, कारण तिने मान इकडेतिकडे वळवली. सखीने मोळी फेकली आणि धावली. रस्ता ओलांडेपर्यंत ब्रेक किंचाळले. प्रगती पुढे घसरली, सायकल एका अंगाला कलली, तिचा डावा पाय धुळीत घासत गेला आणि थांबला. ती उभी होती. सायकलही उभी होती.

"आये? तू हितं काय करते?"

आतून निशाबाई धावत आल्या. बोटं खडूने पांढरी झालेली. "हेडसरांनी थांबवलं होतं... पडली का?"

"नाय पडली," सखी म्हणाली. "तू कुठं होतीस? रोज म्हनाली होतीस ना? खोटी निघालीस."

बाईंनी मान खाली घातली. "हो. आज चुकलं माझं."

"मी उतरले बाई, माझी मी," प्रगती म्हणाली. तिला घाई होती. पहिला तास सुरू होत होता.

सखीने मोळी पुन्हा बांधली आणि बाजारात गेली. वडाखाली रंगू मुकादम पान चघळत बसला होता.

"या सखीबाय. तिघं ना यंदा?"

"दोघं."

"का गं? पोरगी मोठी झाली, हात चालतो तिचा."

"ती शाळेत जाते."

"शिकून काय, त्या बाईसारखी बाई होनार?"

"नाय," सखी मोळी खाली ठेवत म्हणाली. "ती बाई येळेवर येत नाय."