डबा थांबवल्यावर

"हिचे डोळे एकदा दाखवून घे," बाबा म्हणाले, तेव्हा मी बाळाच्या टोपीचा बंद बांधत होते. मान वर न करताच मी म्हटलं, "सगळीच बाळं उन्हात डोळे मिटतात, बाबा."

"मिटतात. ही आवळते."

"तेच ते."

"बरं," म्हणाले आणि बाबागाडी घेऊन बाहेर पडले.

खरं तर मी झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघणारी आई. साध्या शिंकेलाही दवाखाना गाठणारी. पण नुकतंच आमच्या डॉक्टरांनी बाळाची छाती तपासून विचारलं होतं, "बाळ ठणठणीत आहे. आईला काही लिहून देऊ का?" नवऱ्याचं हे सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. तेव्हापासून मी ठरवलं होतं, ऊठसूट काळजी करायची नाही. त्या शहाणपणाच्या तावडीत नेमके बाबा सापडले.

माझं काम डोळ्यांचंच आहे, पण माशांच्या. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक उबदार खोली, पंपांची अखंड घरघर, कप्प्याकप्प्यांत प्लॅस्टिकच्या टाक्या आणि त्यांत पापणीच्या केसाहून आखूड पिल्लं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर शंकुपेशी असतात. भर उजेडात बघायचं आणि रंग ओळखायचे, हे त्यांचं काम. या पेशींच्या पातळ आवरणात एका प्रथिनाची बारीक दारं बसवलेली असतात. उजेड आला की ही दारं उघडत असतील असं वाटतं, पण प्रकार उलटा आहे. अंधारात ती उघडी असतात आणि क्षार आत येत राहतात. उजेड पडला की ती मिटतात, आणि हे मिटणं हाच मेंदूला जाणारा निरोप. आमच्या माशांत त्या प्रथिनाचा एक तुकडा जन्मापासून बिघडलेला आहे, त्यामुळे दार उघडतच नाही. जे कधी उघडलंच नाही ते मिटलं, हे कळणार कसं? पेशी जागच्या जागी, दिसायला धडधाकट, आणि मासा ढळढळीत उजेडात आंधळा. मंद उजेडात बघायच्या पेशी वेगळ्या आणि त्यांची दारंही वेगळी. माशाच्या पिल्लात त्या उशिरा कामाला लागतात, माणसाच्या बाळात लवकर.

पिल्लाला दिसतंय का, हे ठरवायची रीत साधी आहे. पिल्लू एका बशीत दाट जेलमध्ये स्थिर करायचं आणि भोवती काळे-पांढरे पट्टे असलेला ढोल फिरवायचा. दिसत असेल तर डोळा पट्ट्यामागे सरकतो, झटकन परत येतो, पुन्हा सरकतो. दिसत नसेल तर डोळा ढिम्म. त्यामुळे आमच्या खोलीत बोलायची पद्धतच पडली आहे. डोळा हलला, म्हणजे दिसलं.

बाबांनी तो विषय परत काढला नाही, पण रोज फिरून आले की बाळाला माझ्या हातात देताना माझ्याकडे बघत राहायचे. शेवटी एका रविवारी मी बिस्किटांचा गोल डबा घेतला, त्यावर पांढरा कागद गुंडाळून काळ्या चिकटपट्टीचे पट्टे लावले. बाळाला नवऱ्याच्या मांडीवर बसवलं आणि समोर डबा फिरवायला लागले. बाळाचे डोळे हलले. छान, भराभर, इकडून तिकडे. माझ्या मनावरचं सगळं ओझं उतरलं.

"बघतेय. व्यवस्थित बघतेय."

"डब्यात काही होतं की नुसताच?" नवऱ्याने विचारलं.

"बाबा, बघा ना, डोळे हलतायत."

"हलतायत खरे," बाबा म्हणाले.

सोमवारी मी हे प्रयोगशाळेत सांगितलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही सगळे 'सरकार' म्हणतो, कारण तो स्वतःविषयी बोलताना 'आम्ही'च म्हणतो.

"पोरीला ढोलासमोर बसवलंत? जेल लावलं नाहीत ना?"

"नवरा होता धरायला."

"मग झालं तर. आमच्या वतीने पास."

मी हसत कामाला लागले. पहिलं पिल्लू बिघाड नसलेल्या माशांच्या टाकीतलं होतं. ढोल फिरवला, डोळा पट्ट्यामागे गेला. मग नेहमीप्रमाणे ढोल थांबवला. प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत हे करायचंच असतं, कारण काही पिल्लांचे डोळे उगाचच थरथरत असतात. ढोल थांबल्यावरही डोळा हलत राहिला, तर आधीची नोंद खोडायची. त्या हलण्याचा बघण्याशी संबंध नसतो. या पिल्लाचा डोळा थांबला.

माझा हात बटणावर तसाच राहिला. घरी मी डबा फिरवत होते, फिरवत होते आणि मग आनंदाने बाळाला उचलून घेतलं होतं. डबा थांबवून बघितलंच नव्हतं.

"काय झालं?" सरकारने विचारलं.

"मी थांबवला नाही."

"काय?"

"डबा."

त्याला कळलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणारा तो माणूस माझ्या टेबलावरची बशी उचलून घेत एवढंच म्हणाला, "जा तू. हे मी बघतो." 'मी' म्हणाला, 'आम्ही' नाही.

घरी पोचले तेव्हा बाळ जेवणानंतर बाबांच्या खांद्यावर होतं. मी डबा आणला, फिरवला आणि थांबवला. पट्टे स्थिर. बाळाचे डोळे बारीक, भरभर, इकडून तिकडे हलतच होते. डबा उचलून पाठीमागे लपवला, तरी हलत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या डोळ्यांवर उजेडाचे झोत सोडून यंत्रावर रेषा काढल्या. मंद उजेडाची रेषा चांगली उसळली. लख्ख उजेडाची जवळजवळ सपाट. मग रक्ताची तपासणी झाली. अहवालात दाराच्या प्रथिनाचं नाव होतं. आमच्या माशांत बिघडलेला तोच तुकडा नव्हे, त्याच्या जोडीचा. त्याच्या जनुकाची माझ्याकडून एक सदोष प्रत आली, नवऱ्याकडून एक. आम्हा दोघांना कधी काही जाणवलं नाही, कारण एक चांगली प्रत असली की भागतं.

"आंधळी होणार का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. उन्हात दिपेल, रंग कळणार नाहीत, बारीक अक्षर जड जाईल. आज यावर औषध नाही. पण गडद चष्मा, टोपी, मोठं अक्षर, वर्गात खिडकीकडे पाठ करून पहिल्या बाकावर जागा, एवढ्यावर ही शिकेल. माहीत असणं महत्त्वाचं. माहीत नसलं की लोक मुलाला मठ्ठ ठरवतात." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "माझ्या बहिणीला असावं."

आत्याला घरात सगळे घुबड म्हणायचे. दिवसा खेळायला यायची नाही, संध्याकाळी मात्र सगळ्यांच्या पुढे. फळ्यावरचं वाचता येईना म्हणून शाळा सुटली. रस्त्यात ओळख दाखवत नाही म्हणून शिष्ट ठरली. आता एकटी राहते, पडदे ओढून. तिला माणसं आवडत नाहीत, असं मीच कितीदा म्हटलं असेल.

"आधी का नाही सांगितलंत?" मी बाबांना विचारलं.

"बाळाला बघून ती आठवायची, पण तुला घाबरवायचं नव्हतं. आणि तिला काही असेल, असं आम्हाला तरी कुठे वाटलं होतं? आम्हाला वाटायचं, नखरे."

घरी येऊन मी आत्याला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, मला वाटायचं ऊन सगळ्यांनाच असं लागतं. तुम्ही सहन करता आणि मी करत नाही, एवढंच." थोड्या वेळाने तिने विचारलं, "चष्मा मलाही मिळेल का गं या वयात?"

मिळाला. परवा ती भर दुपारी, बाबांचा हात न धरता, आमच्या फाटकातून आत आली.

तुमच्याही नात्यात कुणीतरी असेल. दिवेलागणीनंतरच येणारं, खिडकीकडे पाठ करून बसणारं, समोरून गेलात तरी न ओळखणारं. चिडकं, मठ्ठ किंवा शिष्ट म्हणून सोडून दिलेलं. सावलीत त्याच्याशी बोलून झालं की त्याला उन्हात उभं करून त्याच्या डोळ्यांकडे बघा, आणि काय दिसतं ते त्यालाच विचारा. पुढच्या लग्नकार्यात भेटेल तेव्हा नको. या आठवड्यात जाऊन या.