मावशींनी खोळ उसवली तेव्हा

मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. मित्रांनो, संगणकाची पेटी उघडून मला शोधाल तर मी दिसणार नाही. मी डिस्कवर लिहिलेली असते. बटण दाबले की सर्वांत आधी मी उठते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते.

बारा वर्षांपूर्वी मला भरतकामाच्या दुकानात बसवले. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली मावशी म्हणते. त्या पडद्यावर नक्षी काढत आणि मी ती शेजारच्या भरतयंत्राला टाका टाका करून सांगे. शाळांची बोधचिन्हे, दुपट्यांवरची बदके, एका बँडवाल्याच्या कोटावरचा वाघ. तो वाघ मांजरासारखा झाला, पण बँडवाला खूश होता. "हिने मला एकदाही दगा दिला नाही," असे मावशी गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा अंग नसूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग पेटी थकली. चारदा बटण दाबावे तेव्हा एकदा सुरू होई. मावशींचा भाचा संगणक दुरुस्त करतो. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितले, "मावशी, नवी पेटी घे. सिस्टिमही नवीच टाकू."

"आणि माझ्या नक्ष्या?"

नक्ष्या उघडणारा प्रोग्रॅम ज्या कंपनीने केला, ती केव्हाच बंद पडली होती. तो फक्त माझ्यावरच चालत होता आणि पुन्हा मिळणार नव्हता. मी गेले असते तर हजारभर नक्ष्या मुक्या झाल्या असत्या.

"मग हिलाच बिऱ्हाडासकट हलवू," भाचा म्हणाला.

त्याने डिस्क काढून नव्या पेटीत बसवली. तेवढ्यात मावशींनी जुन्या पेटीला माळ्यावर ठेवण्यासाठी राखाडी खोळ शिवली, चारही बाजूंनी बंद. बारा वर्षे राबलेली पेटी उघडी टाकणे त्यांना पटेना.

नव्या पेटीत मी उठू लागले आणि अर्ध्यावरच अडले. इथे डिस्ककडे जाणारी वाट निराळी होती आणि ती दाखवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, माझ्याजवळ नव्हता. पडदा निळा झाला. तीनदा तसेच.

"गेलं का रे सगळं?" मावशींनी हळूच विचारले.

"नाही गेलं. चूक माझी आहे. निघण्याआधीच हिला नवी वाट शिकवायला हवी होती. डिस्क परत जुन्या पेटीत लावून ड्रायव्हर टाकावा लागेल. दे ती पेटी."

मावशींनी खोळीकडे पाहिले. "शिवली."

"उसव मग."

"दुहेरी टीप आहे."

"माळ्यावर टाकायच्या पेटीला दुहेरी टीप?"

"कच्चं काम माझ्याकडे होत नाही. ते तुझ्याकडे होतं."

भाच्याने कात्री पुढे केली. मावशी अर्धा तास एकेक टाका उसवत होत्या. मग त्याने डिस्क लावून बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. काही नाही. तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा पंखा खरखरला आणि मी जागी झाले. शहाण्या झालेल्या भाच्याने आधी माझी दुसऱ्या डिस्कवर नक्कल घेतली, मग ड्रायव्हर टाकला.

या वेळी नव्या पेटीत मी अशी उठले की मावशींना चहाचा कप टेकवायलाही सवड मिळाली नाही. त्यांनी पहिल्यांदा तो वाघच उघडला. यंत्र खडखडू लागले.

"मांजर आहे," भाचा म्हणाला.

"असू दे. माझं आहे," मावशी हसत म्हणाल्या आणि तो कापडाचा तुकडा त्यांनी त्याच्याच खिशात कोंबला.

मित्रांनो, जुन्या सोबत्याला प्रेमाने निरोप द्या. पण नवा जोडीदार कामाला लागेपर्यंत जुन्याची वाट बंद करू नका, आणि हलण्याआधी जपण्यासारख्या गोष्टीची नक्कल काढून ठेवा.

जुनी पेटी आता माळ्यावर आहे. तिच्या खोळीला मावशींनी एका बाजूने बटणे लावली आहेत.