पाटावरची तानाबाई

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पण नुसता बसायचा पाट म्हणून मला हिणवू नका हं, माझ्या अंगावर एका बाईचा चेहरा कोरलेला आहे!

उंद्रीच्या कडूबा सुतारानं मला सागाच्या एकाच फळीतून घडवलं. तानाबाईनं मला हौसेनं घरी नेलं आणि माझ्यावर बसून अख्ख्या घराला भाकरी करून घातल्या. पुढे गॅस आला, ओटा आला, स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला. माझा एक पाय निखळला आणि मी माळ्यावर जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

तानाबाईची भाची रेणुका खामगावला चित्रकला शिकते. तिच्या सरांनी वर्गात युरोपातल्या प्रबोधनकाळातली छापचित्रं दाखवली. लाकडावर नाहीतर तांब्यावर चेहरा कोरायचा, शाई लावायची आणि कागदावर छापायचा. ते चित्रकार राजाचा चेहरा जितक्या मायेनं कोरत, तितक्याच मायेनं एखाद्या बोळक्या म्हातारीच्या सुरकुत्याही कोरत, असं सर म्हणाले. पोरीच्या मनात ते घर करून बसलं. प्रदर्शनासाठी तिला आत्याचाच चेहरा हवा होता.

पंचाईत अशी, की लहानपणी देवी आल्यानं तानाबाईच्या गालांवर वण आहेत. फोटो म्हटला की ती पदर ओढते. लग्नाच्या अल्बममध्येही तिचा नुसता पदरच आहे. पण भाचीपुढे तिचं काही चाललं नाही.

रेणुकानं मला खाली काढलं, निखळलेला पाय बसवला, घासून गुळगुळीत केलं, आत्याला समोर बसवून कागदावर काढलेलं चित्र माझ्यावर उतरवलं आणि कोरायला बसली. पटाशी टोचायची, नाही असं नाही. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी हात लावत होतं, याचंच मला सुख. तिनं एक सुरकुती सोडली नाही, एक वण सोडला नाही. मग शाई फासली, कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासला, उचलला आणि तिचं तोंडच उतरलं. डाव्या नाकपुडीतली फुली उजवीकडे आली होती. छापताना चित्र उलटं येतं, म्हणून ते आधीच उलटं करून कोरायचं असतं. घाईत पोरगी नेमकं तेच विसरली.

तिचा भाऊ रवी हसला. ही आपली आत्या नव्हेच, म्हणाला. रेणुकानं डोळे पुसले आणि मला तासून काढायला रंधा आणला. माझा तर जीव मुठीत!

तेवढ्यात तानाबाई आली. कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली.

"रंधा ठेव बाई," ती म्हणाली. "आरशात मले रोज हेच तोंड दिसते."

"आत्या, वण बी आले त्यात," रेणुका हळूच म्हणाली.

"ते तं माहेच हायेत. राहू दे."

खामगावच्या प्रदर्शनात एका बाईनं तानाबाईला चित्राशेजारी उभं करून मोबाइल काढला. तानाबाईचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि तसाच खाली आला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आता मी बैठकीत भिंतीला टेकून असतो, अधूनमधून तेलाचा हात मिळतो. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा नीट पाहा. आणि माणसाकडे पाहताना त्याचे वण चुकवून पाहू नका.

परवा पाहुणे आले, बसायला कमी पडलं, तर रवीनं मलाच उचललं. तानाबाई आतून धावत आली.

"ठेव बे तो पाट," ती म्हणाली. "आत्याच्या तोंडावर बसतं काय?"