जूनखालची रेघ

विनीता गेल्याचं शैलेंद्रला कळलं तेव्हा तो पुण्यात, बँकेत पासबुक भरून घेत होता. मार्चच्या अकरा तारखेला, मंगळवारी. वडिलांच्या आजारपणामुळे बिनपगारी रजा टाकून तो आठ महिने पुण्यात राहिला होता, विनीता आणि मुलगी चारुता इकडे परदेशातल्या घरी, ग्लेन वेव्हर्लीत. आदल्याच दिवशी विनीताने फोनवर बजावलं होतं, "एफडीचं व्याज जमा झालं असेल. एंट्री मारून घे, नाहीतर ऑक्टोबरात माझ्याच नावाने ओरडशील." मशीनने पासबुक बाहेर ढकललं आणि खिशातला फोन वाजला. "बाबा," एवढंच म्हणून चारुता रडायला लागली. तिची आई कामावरून येताना स्टेशनवरच कोसळली होती.

आता ऑक्टोबरची एकतीस तारीख होती, टॅक्स रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. वीस वर्षं दोघांची रिटर्नं विनीताच भरायची. शैलेंद्रने फक्त चहा करायचा आणि शेवटी "बरोबर आहे" म्हणायचं. यंदा दोन रविवार तो लॅपटॉप उघडून बसला होता. दोन्ही वेळा जोडीदाराचा प्रश्न आला आणि त्याने लॅपटॉप मिटला. आज मात्र त्याने अर्धी सुट्टी घेतली होती.

पगाराचे आकडे भरून झाले. मग पुण्याच्या बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट समोर ठेवून तो टाइप करायला लागला, तेवढ्यात चारुता युनिव्हर्सिटीतून आली. खांद्यावरची बॅगही न काढता तिने कागद उचलला.

"बाबा, हे एप्रिल टू मार्च आहे."

"मग? बँकेनेच दिलंय. शिक्का आहे की."

"इंडियाचं वर्ष आहे ते. इथलं जुलै टू जून. शिक्का मारून एप्रिलचा जुलै होतो का?"

"आई काय करायची?"

"पासबुक बघून काढायची. कुठाय ते?"

ते कुठे आहे हे शैलेंद्रला पक्कं माहीत होतं. प्रवासाच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, मार्चपासून तसंच.

"सापडत नाही. राहू दे, उशीर झाला तर दंड भरू."

"आई सोडेल तुला?"

बोलून गेल्यावर तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. शैलेंद्र उठला आणि पासबुक घेऊन आला.

आत विनीताची पेन्सिल होती. व्याजाच्या प्रत्येक नोंदीपुढे बारीक टिक, दर जूनखाली पट्टीने मारलेली रेघ. शेवटची रेघ गेल्या दिवाळीत पुण्याला आली तेव्हाची. तिच्याखालच्या सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या नोंदी कोऱ्याच होत्या.

चारुताने पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. त्याने तिन्ही नोंदींपुढे टिक केली. खातं दोघांचं, म्हणून तिन्हींचं निम्मं त्याच्या नावावर. जूनचा आकडा चारुताने त्याच्या फोनवर बँकेचं ॲप उघडून वाचला.

"त्याचं पण निम्मं," तो म्हणाला.

"नाही बाबा. जूनचं सगळं तुझंच."

त्याने मान हलवली. मग तो प्रश्न आला. वर्षभर जोडीदार होता का? नाही. कधीपासून, कधीपर्यंत? एक जुलै, त्याने टाइप केलं. चारुता बाजूला खुर्ची ओढून बसली. अकरा मार्च.

"बरोबर आहे?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

पाचच्या आत रिटर्न गेलं. चारुता चहा टाकायला उठली. शैलेंद्रने मार्चखाली जूनची नोंद हाताने लिहिली, टिक केली आणि खाली रेघ मारली.

"वाकडी आलीय," चारुता कप ठेवत म्हणाली. "आई पट्टी घ्यायची."

"पुढच्या वर्षी पट्टी घेऊ."

विनीताचं शेवटचं रिटर्न अजून भरायचं आहे. ते टॅक्स एजंट भरणार आहे, पण त्याआधी तिच्या मृत्यूचा दाखला टॅक्स ऑफिसला पाठवायला हवा. तो शैलेंद्रने अजून पाठवलेला नाही.