सेक्टर दहा, सडक चौदा

जुनवानीच्या पुढे प्रेमानंदभाऊंचा ओतकामाचा कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत लोखंडाचे नमुने तपासत, आणि ते आकडे आवाराबाहेर जाता कामा नयेत अशी गिऱ्हाइकांची अट होती. म्हणून नुकतीच एमएस्सी होऊन रुजू झालेल्या उत्कर्षाने सर्व्हर जोडून कारखान्याचा स्वतःचा क्लाउड उभा केला होता. आज तो चालला तर तिची नोकरी पक्की. नाहीतर काम रायपूरच्या कंपनीकडे आणि उत्कर्षा घरी.

पण नमुना तपासणाऱ्या मशीनचा एकही आकडा क्लाउडमध्ये येत नव्हता.

"कावून अडकून राहिलं?" प्रेमानंदभाऊंनी विचारलं.

"मशीन माझ्या लॅपटॉपशी बोलते, भाऊ. क्लाउडशीच बोलत नाही."

"म्हणजे तुझ्यावर नाही, तुझ्या कारभारावर रुसली."

उत्कर्षा कामाला लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तिची कॉलेजातली सवय. केबल बदलली, मग सर्व्हर बदलला. फरक शून्य. शेवटी तिने क्लाउडमधून मशीनला संदेश धाडला आणि तो जातो कुठे ते तपासलं. तो बाहेर पडतच नव्हता. आतल्या आत फिरून विरून जात होता.

मशीनचा पत्ता होता १०.१४.३.२. तिने कॉन्फिगरेशनची फाइल पुन्हा ओळीओळीने वाचली. तिने ज्या तयार फाइलवरून सुरुवात केली होती, तिच्यात दहाने सुरू होणारे सगळे पत्ते क्लाउडच्या आतल्या जाळ्यासाठी राखलेले होते. बाकी बरंच काही तिने कारखान्याच्या सोयीने बदललं होतं; ही ओळ तशीच राहिली होती. दहाचा पत्ता दिसला की क्लाउड समजे, हा घरातलाच.

वायरिंग करणारे ओमप्रकाशकाका शेजारीच स्टुलावर बसले होते. "काका, मशीनले हा नंबर कसा दिला?"

"ध्यानात राहावा म्हणून, बेटा. आपला क्वार्टरच तो. सेक्टर दहा, सडक चौदा, तीन-बी. बी म्हणजे दोन."

"अन् बाकीच्या मशीनी?"

"सारे शेजारी."

भाऊ पोट धरून हसले. शेजाऱ्यांना हलवायचं, म्हणजे सगळ्या मशीनींचे पत्ते बदलायचे, तर भट्टी बंद करावी लागणार होती. हलायचं ते क्लाउडलाच. पण उभ्या क्लाउडचं आतलं जाळं बदलता येत नाही. तो पाडून नव्याने उभारावा लागतो.

"उभं केलेलं पाडतेस? डोकं ठिकाणावर हाय ना?"

"घर पाडते, भाऊ. नकाशा माझ्याजवळ हाय."

तिने आतल्या जाळ्याला एकशे बहात्तरने सुरू होणारे पत्ते दिले. जुना दहाचा आकडा आणखी कुठे कुठे लिहिला आहे ते शोधलं. फायरवॉलच्या फाइलमध्ये सापडला, तिथेही बदलला. मग क्लाउड पुसून टाकला. पडदा काळा झाला. भाऊंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

फाइली वाचत सर्व्हर एकेक करून उठले. प्रयोगशाळेतल्या दामिनीताईने ताजा नमुना मशीनवर ठेवला. पडद्यावर पहिली ओळ उमटली: कार्बन ३.४१ टक्के. पाठोपाठ सिलिकॉन, मँगेनीज.

उत्कर्षाला आपले कान गरम झाल्यासारखे वाटले. दामिनीताईने दारातून आकडे ताडून पाहिले आणि मान हलवली.

भाऊंनी फोन उचलला. "रायपूरवाले का? नका येऊ. आमची पोरगी हाय इथं."

ती मात्र दुसऱ्या मशीनची फाइल उघडून बसली होती.